कालव्याकाठची वाट आणि गुरांची वाट

मी लेखक नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजातही मी मागच्या बाकावर बसून ऐकणारा होतो, बोलणारा नव्हे. त्यामुळे आपण काही लिहावं आणि ते वाचायला लोकांनी वेळ काढावा, असं म्हणताना अजूनही अवघडल्यासारखं होतं. त्यातून विषय फिरायला जाण्याचा. आमच्याकडे सगळे चालतात. पाण्याला, शेताला, एसटीला, दवाखान्याला. पण नुसतं फिरून आलो असं सांगितलं, तर घरात कुणीतरी कपाळाला हात लावून ताप बघेल. अशा घरातल्या माणसाने फिरण्याच्या आनंदावर लिहिणं हा आगाऊपणाच. तो पदरात घ्यावा, एवढं म्हणून सुरुवात करतो.

२०२०च्या सप्टेंबरात मी एम.एस्सी.साठी आयर्लंडला, लिमरिकला आलो. वर्ग सगळे लॅपटॉपवर. विद्यापीठाच्या इमारती मी आधी स्क्रीनवर पाहिल्या आणि नंतर कुलूपबंद पाहिल्या. घरात आम्ही दोघं होतो. दुसरा पुण्याचा, माझ्याहून काही वर्षांनी मोठा, कंपनीत कामाला. तोही दिवसभर खोलीत बसून मीटिंगा करायचा. इथे राहून तो कपाटाला प्रेस म्हणायला लागला होता, कसा आहेस विचारलं की 'ग्रँड' म्हणायचा, आणि कुणाही तिऱ्हाईत माणसाचा उल्लेख 'युवर मॅन' असा करायचा. त्याच्या भिंतीवर गडकिल्ल्यांचे फोटो होते. हिवाळाभर आम्ही एकमेकांना भेटलो ते मुख्यतः गॅसपाशी.

मे महिना लागला आणि संध्याकाळ संपेचना. आठ वाजून गेले तरी खिडकीत ऊन. प्रबंधाचं काम सुरू झालं होतं आणि डोकं भणभणत होतं. अशाच एका संध्याकाळी मी बूट घातले आणि शहरातून निघणाऱ्या कालव्याच्या काठाने चालू लागलो. कालवा जुना आहे. पूर्वी त्यातून मालाच्या होड्या जात, आता नुसतं पाणी आणि काठाने पायवाट. एका बाजूला घरांच्या परसातल्या भिंती, दुसऱ्या बाजूला झाडी. शहर कुठे संपलं ते कळेना, कारण ते संपलेलंच नव्हतं. झाडांपलीकडून बसचा आवाज येत होता. काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडली होती. एक हंसीण लव्हाळ्यांच्या ढिगावर अंडी उबवत बसली होती आणि तिच्यापासून चार हातांवर एक बाई बाकावर बसून चिप्स खात होती. दोघींना एकमेकींचं काही नव्हतं.

मी बराच चाललो. समोरून लोक येत होते. कुत्रेवाले, बाळाची गाडी ढकलणारे, धावणारे, आणि नुसतेच. प्रत्येक जण मान हलवून दोन शब्द बोलायचा. मला वाटलं, एवढी माणसं येताहेत म्हणजे पुढे नक्की काहीतरी असणार. चर्च असेल, धबधबा असेल, निदान बाजार तरी. शेवटी काठी टेकत येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी धीर करून विचारलंच, की पुढे काय आहे?

ते थांबले. त्यांनी वळून मागे पाहिलं, जणू तिथे आपलं काही राहिलं की काय. मग म्हणाले, "पुढे नदी आहे. तिथे पोचलात की मागे वळायचं."

"पण बघायला काय आहे?"

"आज बगळा होता," ते म्हणाले. "काल नव्हता." आणि टोपीला हात लावून निघून गेले.

घरी येऊन मी हे पुणेकराला सांगितलं. तो खो खो हसला. "अरे, वॉक आहे तो. वॉकला पुढे काय असणार? किल्ल्याची गोष्ट वेगळी. टॉप गाठायचा, फोटो काढायचे, आणि खाली येऊन गावातल्या एखाद्या मावशीकडे पिठलं-भाकरी हाणायची. आहाहा, ती भाकरी!" त्याने डोळे मिटले.

मी गप्प बसलो. कारण तशी एक मावशी म्हणजे माझी आई.

आमचं गाव घाटावर, एका गडाच्या पायथ्याशी आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी पाठीवर सॅक घेऊन यायची. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून आईने पडवीत चूल मांडून त्यांना जेवायला घालायला सुरुवात केली. पिठलं, भाकरी, ठेचा, वर चहा. माझं शिक्षण त्या चुलीवर झालं असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. मी वाढायला असायचो. ताट पुढे करताना मला नेहमी प्रश्न पडायचा की ज्यांच्या घरी लिफ्ट आहे ती माणसं सुट्टीच्या दिवशी उठून इतकं का चढतात. पण विचारलं कधीच नाही.

२०२०मध्ये लॉकडाऊनमुळे गडाची वाट बंद झाली. पावसाळा हाच खरा हंगाम, तो कोरडा गेला. २०२१चाही पावसाळा तसाच जाणार हे मे महिन्यातच दिसू लागलं. मामा चाकणला असतात. त्यांनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आईसाठी पोळ्या लाटायचं काम बघून ठेवलं. आईने त्यांना सांगितलं, "गौरी-गणपती झाले की येते." म्हणजे घराला कुलूप. बहीण बारावीत होती, तिचंही नाव काढून तिकडच्या कॉलेजात घालायचं ठरत होतं.

हे सगळं आईने मला फोनवर असं सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगते आहे. पण व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे पडवी दिसत होती आणि चूल नुकतीच सारवलेली होती. बहिणीने नंतर सांगितलं, की आई दर शनिवारी चूल सारवते. कुणी येणार नाही हे माहीत असून.

त्या दिवशी मी ठरवलं, की आईला चाकणला जावं लागता कामा नये. कसं, ते मला माहीत नव्हतं. मी फक्त ठरवलं.

मध्ये बरेच दिवस मी रोज संध्याकाळी कालव्यावर जात राहिलो. आता मला त्याची गोडी लागली होती. खरं सांगायचं तर ही गोडी मान्य करायलाही मला वेळ लागला, कारण घरी ही अडचण आणि आपण इथे बगळे बघतोय, असं वाटायचं. पण जून महिन्यातलं ते ऊन, पाण्यावर पडणारी तिरकी झाडं, पिवळी मोठी फुलं ज्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही, पाणकोंबडीची काळी पिल्लं. हे सगळं रोज थोडं वेगळं असायचं. पाऊस भुरभुरायचा आणि कुणी पळायचं नाही. मी पुढे काय आहे हे विचारणं बंद केलं होतं. एकदा खंड्या दिसला, निळी रेघ ओढल्यासारखा गेला, तर समोरून येणाऱ्या अनोळखी बाईने आणि मी एकदमच हात वर करून दाखवला. तेवढंच. दिवस चांगला गेला.

आणि तिथेच चालता चालता माझ्या मनात आलं, की गडाची वाट बंद आहे. पण गुरांची वाट?

आमच्या घरामागून एक वाट निघते. गडाच्या बुडाला धरून तळ्यावर जाते, तिथून देवराईत, मग ओढा ओलांडून गावाच्या दुसऱ्या अंगाने परत येते. गुरं सकाळी या बाजूने जातात आणि संध्याकाळी त्या बाजूने येतात. चढ नाही, कडा नाही. गडावर येणाऱ्या एकाही पाहुण्याला ती वाट आम्ही कधी दाखवली नव्हती, कारण तिथे दाखवण्यासारखं काही आहे असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी आईला फोन केला. "आई, गुरांच्या वाटेनं माणसं आणली तर?"

"कशाला?"

"फिरायला."

"आरं, गुरं पण तिथं चरायला जात्यात. फिरायला न्हाय जात."

"तळं आहे. देवराई आहे. ओढ्यावर ती खडकाची..."

"ते तर हायच की," आई म्हणाली. "त्यात काय बघायचं?"

मी तिला त्या टोपीवाल्या गृहस्थांचं, बगळ्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिकामा हुता का त्यो?" मागून बहीण हसायला लागली. मग तिने फोन घेतला आणि हसणं थांबवून म्हणाली, "दादा, तू आयर्लंडात बसून आम्हाला गावात राहायला सांगतोयस. भारी आहेस."

रात्रभर तेच डोक्यात राहिलं, कारण ती चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आईला सरळ विचारलं, की तुला जावंसं वाटत असेल तर मी यापुढे एक शब्द बोलणार नाही. तुला काय वाटतं ते सांग.

आई म्हणाली, "कुणाला जावंसं वाटतंय? पर चुलीम्होरं बसून माणसांची वाट किती बघायची, सांग की."

"गणपतीपर्यंत मला दे."

"दिलं," ती म्हणाली. "तेवढं हायच हातात."

आता पाहुणे कुठून आणायचे? त्यासाठी मला पुणेकराला ते सांगावं लागलं जे मी नऊ महिने सांगितलं नव्हतं. तो भांडी घासत होता. मी म्हणालो, "तू ज्या मावशींचं म्हणतोस ना भाकरीचं, तसं माझी आई करते. आमच्या गडाखाली."

तो हातातली कढई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "तुझी आई?"

"हो."

"तुला भाकरी येते?"

"येते."

"मग भावा," तो कळवळून म्हणाला, "अख्खा हिवाळा मला मॅगी का खायला घातलीस?"

मग मात्र तो खाली बसला आणि सगळं ऐकून घेतलं. गुरांच्या वाटेचं ऐकून तो म्हणाला, "माझ्या आईने इतकी वर्षं आमच्या सॅक भरल्या. गड एकही बघितला नाही. गुडघे. बाबांना चढता येतं, पण तिला सोडून ते जात नाहीत." निर्बंध थोडे सैल झाले की आई-बाबा पहिले पाहुणे म्हणून जातील, असं त्याने तिथेच कबूल करून टाकलं. फक्त एक अट होती. "वाटेवर बाण पाहिजेत. बाबा वाट चुकले तर चूक तुझ्या गावाची असेल, पण डोकं माझं खातील."

बाण मी कालव्यावर रोज बघत होतो. लाकडी खुंट, त्यावर पिवळा बाण, बस. मी बहिणीला फोटो पाठवले. ती म्हणाली, त्यात काय, उद्या करते.

आणि तिने केले. देवळाच्या रंगकामातून उरलेला शेंदरी ऑइलपेंट मागून आणला आणि पावसाची उघडीप बघून वाटेवरच्या दगडांवर बाण काढले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता की हसू दाबत होती, कळेना.

"दादा, घोळ झाला. तळ्याजवळच्या बाणाला कुणीतरी फूल वाहिलंय."

"काय?"

"आणि ओढ्याजवळच्याला नारळ. वाड्यावरचे बाबा आज सकाळी त्याच्या पाया पडत होते. मी म्हटलं, बाबा, हा देव न्हाय, बाण हाय. तर म्हणाले, पोरी, असं बोलू नये."

शेंदरी दगड दिसला की आपल्याकडे माणूस आधी हात जोडतो आणि मग विचारतो. मी स्वतःही तेच केलं असतं. प्रश्न होता तो पुसायचा कसा. आता त्या दगडावरून शेंदरी रंग खरवडायला कुणी तयार होईना. शेवटी आईनेच तोड काढली. ते दगड आहेत तिथे राहू द्यायचे, त्यांना देव मानायचं असेल त्यांनी मानावं, आणि बाण दुसरीकडे काढायचे. मग रंग कोणता, यावर घरात सभा भरली. पिवळा म्हटलं तर भंडाऱ्याचा. हिरवा, निळा, भगवा, प्रत्येकाचा कुणीतरी झेंडा निघाला. पुणेकराने विचारलं, "मग युवर मॅन काय म्हणतो, तुमचा सरपंच?" सरपंच म्हणाले होते, की गुरांच्या वाटेला परवानगी कशाला, पण रंग पांढरा लावा म्हणजे मला झोप लागेल. शाळेच्या भिंतीचा पांढरा ऑइलपेंट शिल्लक होता. ठरलं.

पण त्याच आठवड्यात एक दुसरी गोष्ट मला कळली, आणि तीही कालव्यावर.

पुणेकर पहिल्यांदाच माझ्याबरोबर फिरायला आला. चाळीसएक गड चढलेला माणूस. सपाट कालव्यावर तो पुढे पुढे, हात मागे बांधून, मला गडावरच्या वाटा कशा ओळखायच्या ते सांगत चालला होता. एक पूल येतो. पुलाखालून वाट पाण्याला चिकटून पुढे जाते, पण लांबून तिथे अंधार दिसतो, आणि डावीकडे एक चांगली रुंद वाट वर चढते. तो बोलत बोलत डावीकडे वर गेला आणि एका सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेत पोचला. मी खाली थांबून हसत होतो. तो वरून ओरडला, "हसतोस काय? इथे बाण कुठाय?"

खरंच नव्हता. आणि मग मला आठवलं, की पहिल्या संध्याकाळी मीसुद्धा तिथेच चुकून त्याच सुपरमार्केटपाशी गेलो होतो. पण आता महिनाभर रोज येऊन माझे पाय आपोआप पुलाखाली वळत होते, आणि तिथे चुकण्यासारखं काही आहे हे मला दिसेनासंच झालं होतं.

मी घरी येऊन बहिणीने काढलेल्या बाणांचे फोटो पुन्हा बघितले. एक बाण तळ्यापाशी, जिथे तळं समोर दिसतंच. एक करवंदीपाशी, कारण तिला ती जागा आवडते. आणि जिथे तीन वाटा फुटतात तिथे एकही नाही. तिला ती वाट पाठ होती. आईला पाठ होती. अख्ख्या गावाला पाठ होती. गावात एकही माणूस असा नव्हता ज्याला ती वाट चुकता येईल.

मी बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आहे की एक. शेजारच्या काकूंची सून."

त्या काकूंच्या मुलाचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं होतं. मुलगी लातूरकडची, सपाट मुलखातली. आल्यापासून घर आणि नळ, याच्यापलीकडे गाव तिने पाहिलेलं नव्हतं. बहीण काकूंकडे गेली. पुढचं बोलणं तिने मला नकलेसकट ऐकवलं.

"काकू, वैनीला जरा गुरांच्या वाटेवर पाठवता का?"

"का गं? सून काय गुरं राखाया आणलीया व्हय मी?"

"तसं न्हाय. तिला वाट ठाव न्हाय, म्हणून तीच पायजे."

"ठाव न्हाय तर चुकंल की!"

"चुकायलाच पायजे, काकू. ती कुठं चुकती ते बघायचंय."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं म्हणे, की शिकून पोरीचं डोकं फिरलं. पण शेवटी, आपणही बरोबर येणार, या अटीवर त्या तयार झाल्या. निघाली ती वरात. पुढे नवी सून एकटी, तिला काही सांगायचं नाही. पाठीमागे पंचवीस-तीस पावलांवर बहीण रंगाचा डबा घेऊन, काकू छत्री घेऊन, आणि सगळ्यात मागे, कुणी बोलावलं नसताना, आई. जिथे सून थांबायची, इकडेतिकडे बघायची, तिथे बहीण मनात खूण ठेवायची. जिथे ती बिनधास्त चुकीच्या वाटेने निघायची, तिथे काकू ओरडायच्या, "आगं ए, तिकडं कुटं!" आणि बहीण त्यांना गप्प करायची. सून पदर खोचून, मागे वळून न बघता चालली होती. ओढ्यापाशी ती खडकावर बसली आणि उठेना. काकूंनी विचारलं, काय झालं? तर ती म्हणाली, "काही नाही, आत्या. पाणी बघतेय." मग काकू आणि आईही तिथे बसल्या. बहीण म्हणते, काकू सुनेशेजारी बसलेल्या तिने पहिल्यांदा पाहिल्या.

पुढच्या उघडिपीत दगड फडक्याने कोरडे करून पांढरे बाण काढले. देवराईशी आल्यावर आईने बहिणीचा हात धरला. "आत रंग न्हाय लावायचा. आणि येणारांना सांगायचं, चपला भाईर काढा." हे बहिणीने मला सांगितलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला. कारण 'येणारांना' हा शब्द आईने वापरला होता.

जुलै-ऑगस्ट पावसाने झोडपून काढला तिकडे. इकडे मी प्रबंध लिहीत होतो, आणि रोज संध्याकाळी कालव्यावर चालत होतो. हंसांची पिल्लं करडी आणि धसमुसळी झाली होती. झुडपांवर काळी फळं पिकू लागली होती, येणारे-जाणारे तोडून तोंडात टाकत होते, मीही टाकायला शिकलो. मला हे नोंदवायला हवं, की त्या दिवसांत मी काळजीत असूनही सुखी होतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला आधी ठाऊक नव्हतं. चाललं की पुढचं पाऊल टाकण्याचं काम तरी आपल्या हातात राहतं. मी दर आठवड्याला पुणेकराला आठवण करायचो, आणि तो दर आठवड्याला पुण्याला फोन लावायचा. त्याचे बाबा पाऊस बघत होते, आई नवीन बूट घेऊन बसली होती.

गणपतीच्या आधीच्या रविवारी ते दोघं गेले, बरोबर त्यांच्या सोसायटीतली आणखी दोन जोडपी. रात्री पुणेकराच्या बाबांचा फोन आला. स्पीकरवर टाकून आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होतो.

"बाण व्यवस्थित आहेत," बाबा म्हणाले. "कुठेही चुकलो नाही. फक्त देवराईत बाण नाही, तिथे मी उजवीकडे चाललो होतो, तर हिने मला डावीकडे ओढलं."

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "मी सगळं चालले हो! सांगा त्याला. मध्ये दोनदा बसले, पण सगळं चालले. आणि भाकरी..." मग त्या भाकरीवर बराच वेळ बोलल्या. पुणेकराने डोळे पुसले आणि मला म्हणाला, कांद्यामुळे. कांदा कुणीच चिरत नव्हतं.

मला मात्र जे हवं होतं ते त्या फोनमध्ये नव्हतं. मी घरी फोन लावला, लागला नाही. वादळी पावसाने गावाची वीज गेली होती आणि टॉवर बंद पडला होता. सोमवारी लागला नाही, मंगळवारीही नाही. मामांना लावला तर फोन बंद लागला. शेवटी मामीने उचलला आणि सांगितलं, ते तर कालच तुझ्या आईला आणायला गेलेत, जीप घेऊन. गणपती इथेच बसवू म्हणत होते.

मी कालव्यावर गेलो. दुसरं काय करणार होतो? एकदा जेवलेले सहा पाहुणे आणि पांढरे बाण, एवढ्यावर आईने हातातलं पक्कं काम का सोडावं, हे मी स्वतःला चालता चालता विचारत होतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर येत होतं, की सोडू नये. तिने जायचं ठरवलं असेल तर ते मुकाट्याने मान्य करायचं, असं मी पुलाखालून जाताना ठरवलं. आणि ती गेली, तरी सुट्टीत जाऊन ते बाण दरवर्षी मी स्वतः रंगवायचे, हेही ठरवलं. कालव्याच्या टोकाला, जिथे नदी लागते, तिथे मी वळलो नाही. तसाच उभा राहिलो. संध्याकाळी आता लवकर सावल्या पडत होत्या.

फोन वाजला नाही. नुसता थरथरला. बहिणीने पाठवलेला आवाज होता. मागे गणपतीची तयारी करणाऱ्या माणसांची गलबल, भांड्यांचा आवाज.

"दादा, रेंज आत्ता आली, म्हणून घाईघाईनं सांगते. ऐक. काल मामा आला न्यायला. आम्ही बोचकी बांधलीच नव्हती, तर तो चिडला. आईनं त्याला काही उत्तर दिलं न्हाय. म्हणाली, आधी चल माझ्यासंगं. आणि त्याला गुरांच्या वाटेनं घेऊन गेली, तळ्यावरनं, देवराईतनं, पार ओढ्यापर्यंत. मी मागनं होते. मामा म्हणत होता, ही वाट मला तुझ्या लग्नापासनं ठाव हाय, ताई, कशाला फिरवतीस. तर आई म्हणाली, गप चाल. परत आल्यावर त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. मग म्हणाली, पाहुणे सांगून गेल्यात, रविवारी पुण्याची अजून माणसं यायची हाईत. मी ह्या वर्षी न्हाय येत."